पाहुण्यांसाठी सोडलेला दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. दूर उत्तरेला, जिथे डोंगर नाही, रान नाही, नजर जाईल तिथवर नुसतं गवताळ माळरान आहे, तिथे ते लहानसं गाव होतं.

त्या गावचा वसंत मोठा लहरी. लाजऱ्या पाहुण्यासारखा दारापर्यंत यायचा, वहाणा काढायचा आणि काय मनात येई कुणास ठाऊक, पुन्हा माघारी फिरायचा. सकाळी अंगणात बर्फ वितळून चिखल, दुपारी पाठ भाजणारं ऊन आणि दिवस कलायच्या आत हिमाचं असं वादळ, की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये.

म्हणून गावात एक रीत होती. हिवाळा लागला की प्रत्येक घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा. वादळात डोळ्यांचा उपयोग नाही. दोर धरून गोठ्यात जायचं, दोर धरूनच परतायचं. नदीवरचं बर्फ फुटून वाहून जाईपर्यंत तो दोर कुणी सोडायचा नाही.

गावचा प्रमुख तसा भला माणूस होता. फक्त त्याला आपल्या मानाची फार काळजी. आदल्या वर्षी शेजारच्या गावचे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यातला एक जण हसून म्हणाला होता, "तुमच्याकडे माणसंही दाव्याला बांधतात वाटतं!" सगळे हसले. प्रमुखही हसला, पण ते शब्द वर्षभर त्याला सलत राहिले.

यंदा पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच लख्ख ऊन पडलं. प्रमुखाला वाटलं, देव पावला. त्यानं दवंडी पिटवली, "वसंत आला! दोर सोडा, अंगणं झाडा!" लोकांनी दोर सोडले. प्रमुखच सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला विचार करतो?

फक्त गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी ऐकेना. "नदी अजून गोठलेलीच आहे, बाबा," ती म्हणाली. "ऊन काय, आत्ता आहे, घटकेनं नाही. माझी गाय आज-उद्या विणार आहे. मी नाही सोडायची."

"आजी, तुम्हाला तर भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते," असं म्हणून प्रमुख हसला आणि निघून गेला. पण पाहुण्यांची वाट तिच्याच घरावरून होती. दुपारी म्हातारीचं दार लोटलेलं पाहून तो चोरपावलांनी परत आला, तिचा दोर सोडला, गुंडाळून बगलेत मारला आणि घरी नेऊन माळ्यावर टाकला. उद्या परत बांधून देऊ, असं त्यानं स्वतःच्या मनाला समजावलं. मन काय, लगेच समजलं.

पाहुणे आले. मोकळी, स्वच्छ अंगणं पाहून त्यांनी वाखाणणी केली. प्रमुखाची छाती फुगली. जेवणं सुरू झाली आणि ऊन एकाएकी फिकं पडलं. वारा उत्तरेकडून सुटला. बघता बघता सगळं माळरान पांढरं झालं.

इतक्यात म्हातारीची शेजारीण धडपडत, भिंतींना धरत आली. "आजी घरात नाहीत! दार सताड उघडं आहे, आणि दोरही नाही!"

प्रमुख ताटावरून तसाच उठला. लोकांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली आणि हाका मारत ते बाहेर पडले. सगळ्यांत पुढे प्रमुख होता. म्हातारी सापडली ती तिच्याच गवताच्या गंजीला टेकून. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. जीव होता, पण वाट चाचपण्यासाठी पुढे केलेल्या उजव्या हाताची बोटं लाकडासारखी झाली होती.

तिला प्रमुखाच्या घरी आणून शेकोटीजवळ बसवलं. तिला जरा शुद्ध आली, तेव्हा पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "आजी, तुमचा दोर कुठे गेला?"

ती काही बोलायच्या आतच प्रमुख घाईघाईनं म्हणाला, "त्यांनीच सोडला असेल. वय झालं, विसरल्या असतील."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "असेल बाबा. वय झालंय खरं."

झालं! जो तो तिला बोलू लागला. "असं कसं विसरलात, आजी?" "सगळ्यांच्या जिवाला घोर लावलात!" ती मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. प्रमुखानं गरम पेजेचा वाडगा तिच्या ओठांशी नेला, पण त्याचेच हात इतके कापत होते, की पेज सांडू लागली.

"पोरा, तू गारठलायस," म्हातारी म्हणाली. "आधी तूच घोटभर घे."

प्रमुखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाडगा खाली ठेवून तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "दोर यांनी सोडला नाही. मी सोडला. चोरून सोडला आणि आत्ता खोटंही बोललो."

पाहुणे ताटाकडे पाहू लागले. प्रमुख म्हातारीच्या पायाशी बसला. "आजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"खिडकीतून पाहिलं होतं की. म्हटलं, आज पाहुणे आहेत, उद्या आणून देईल. पण गाय हंबरायला लागली, मग राहवेना."

"मग बोलला का नाहीत? सगळे तुम्हालाच दोष देत होते!"

"पाहुण्यांसमोर तुझी मान खाली गेली असती रे," ती म्हणाली. "तुला त्याचं किती लागतं, ते मला माहीत आहे."

तिच्या त्या मायेनं तो जितका शरमला, तितका गावानं शिव्या घातल्या असत्या तरी शरमला नसता. तो ओंजळीत तोंड लपवून रडला.

गाईचं वासरू त्या थंडीत गेलं. म्हातारीची बोटंही पुन्हा कधी हलली नाहीत. तेव्हापासून प्रमुख रोज पहाटे तिच्या गोठ्यात जाऊन धार काढी. वाटसरू तिचा हात पाहून विचारत, "आजी, हे कशानं झालं?" ती म्हणे, "थंडीनं." आणि प्रमुख चरवी खाली ठेवून म्हणे, "नाही, माझ्यामुळे."

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून मान राखता येत नाही; ती आपल्याच तोंडानं कबूल केली, तरच माणसाला मान वर करून जगता येतं.