ओठाशी मोती असलेला मासा

एका राज्यात, समुद्राच्या कडेला, केसो नावाचा चितारी राहत असे. राज्यात सापडेल तो मासा पोथीत चितारावा आणि शेजारी त्याचा रंग, चाल, घर व नाव लिहावे, हे त्याचे काम. नाव मात्र त्याने ठेवायचे नाही. ज्याने तो मासा प्रथम जिवंत पाहिला त्यानेच ठेवायचे, असा तिथला रिवाज होता.

त्या दिवशी केसो हरताळाचा पिवळा रंग खलीत बसला होता. चुलीवर एकट्यापुरता भात शिजत होता. तोच राजदूत दारात आला.

“केसोबा, मांत्रिकाने राजकन्येचा मासा केला. तुमच्या पोथीतल्या त्या बिननावाच्या जातीचा, बोटाएवढा; ओठाशी तेवढा मोती. त्याचा रंग, चाल आणि घर जो अचूक सांगेल, तो तिला सोडवील. संधी तीनच. दोन पंडित चुकले.”

“काय म्हणाले ते?”

“राखाडी. तुमचीच पोथी पाहून.”

केसोचा हात थांबला. तीस वर्षे त्याने वाळूवर मेलेले मासे रंगवले होते. बायको येसाई शिंपल्यांसाठी बुड्या मारी. ती म्हणे, “अहो, मेल्यावर मासळीचा रंग उडतो. एकदा खाली या.” तो नुसता हसे. त्याला पाण्याचे भय होते. गेल्या श्रावणात येसाई तापाने गेली.

तो किनाऱ्यावर आला. येसाईचा बुडीचा दोर अजून खडकाला बांधलेला होता. खडकावर एक खंड्या पक्षी बसला होता.

“आज आलास होय!” खंड्या म्हणाला. “ती होती तोवर पाऊल ओले केले नाहीस.”

“खरे आहे. मासा कोठे?”

“दोर संपतो तिथे.”

दोर धरून मारलेल्या पहिल्या बुडीत डोळे झोंबले, काही दिसले नाही. दुसरीत मोती दिसला, आणि रंग: पुढून जांभळा, मागून हळदीसारखा पिवळा. तिसरीत श्वास संपत आला तरी तो थांबला. प्रवाळाच्या कपारीत, छताकडे पोट करून, मासा उलटा पोहत होता. ही जात अशीच पोहते, हेही येसाईने सांगितले होते. तेव्हा तो म्हणाला होता, “मासा आहे की वटवाघूळ?”

वर येऊन त्याने किनाऱ्यावर उभ्या मांत्रिकाला तिन्ही उत्तरे दिली. मांत्रिकाचा फेस झाला, लाटेबरोबर गेला. राजकन्या चालत किनाऱ्यावर आली. मोती तिच्या नथीत होता. राजाने आज्ञा केली: यापुढे मासा पाण्यात पाहूनच रंगवावा.

केसोने ते पान पुन्हा रंगवले. राजकन्येने पाहिले.

“नाव का लिहिले नाही, केसोबा?”

“ही जात प्रथम माझ्या बायकोने जिवंत पाहिली, बाईसाहेब.”

“मग तिने काय नाव ठेवले?”

ते त्याने येसाईला कधी विचारले नव्हते.