हत्तीच्या ठशाला जागा हवी

डोंगराच्या पायथ्याशी, ओढा जिथे वळण घेतो तिथल्या रानात अंगभर काटे असलेली एक साळू राहत असे. राहत असे म्हणजे काय, जमीन उकरत हिंडत असे. कोणता कंद कुठल्या वेलीखाली सापडतो, कोणता गोड लागतो, कोणता खाजरा, हे शोधून काढायचा तिला भारी नाद. नाद कसला, वेडच म्हणा ना. बाकी बाई मनाने सरळ, कामाला वाघ. फक्त एक खोड होती, मुलांनो. समोरच्याला नाही म्हणणं तिला जमत नसे.

त्या रानात एक चांगली रीत होती. कुणाला काही नवं कळलं की त्याने ते ओल्या मातीच्या पाटीवर कोरायचं आणि खाली आपल्या पायाचा ठसा उमटवायचा. पाटी वाळली की पाणवठ्यावरच्या खडकाला टेकवून ठेवायची, म्हणजे येणाराजाणारा ती वाचेल आणि शहाणा होईल. इथवर सगळं ठीक होतं. पण पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्याचे ठसे जास्त, तो जास्त हुशार. झालं! दर उन्हाळ्याच्या तोंडावर घुबडआजोबा सगळ्या पाट्यांवरचे ठसे मोजू लागले, आणि ज्याचे ठसे जास्त त्याला पाणवठ्याजवळची गार जागा मिळू लागली. ठसा कष्टाचा की फुकटचा, हे काही मोजणीत दिसत नसे. मग व्हायचं तेच झालं. जो तो दुसऱ्याच्या पाटीवर पाय ठेवायला टपून बसू लागला.

आपल्या साळूचं बीळ होतं लांब, उघड्या माळावर. उन्हाळ्यात तिथली जमीन अशी तापायची की तिचं लहानगं पिल्लू नुसतं धापा टाकत पडून राहायचं. मागच्या उन्हाळ्यात तर ते हाती लागतंय की नाही अशी वेळ आली होती. यंदा तरी पाणवठ्याजवळ जागा मिळू दे, एवढंच मागणं तिच्या मनात होतं. दुसरं काही नको होतं बिचारीला.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. फळं झाडावरच सुकली, गवत करपलं, आणि रानातली पोरंबाळं उपाशी झोपू लागली. डोंगराचा एक उतार हत्तीच्या मालकीचा होता, तिथे कडूकंद मात्र भरपूर होता. पण त्याला कोण तोंड लावणार? खाल्ला की घसा सुजतो, पोटात कळा येतात, हे सगळ्यांना माहीत. साळूने ठरवलं की या कंदाचा कडवटपणा घालवायचा काहीतरी मार्ग असलाच पाहिजे. तिने हत्तीची परवानगी काढली. हत्ती उदार मनाचा, म्हणाला, खण हवं तेवढं. साळूने कंद खणला, चिरला, उन्हात वाळवला, आणि जरासा चाखून पाहिला. व्हायचं तेच झालं. घसा धरला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कशीबशी ओढ्यापर्यंत येऊन कोसळली.

ओढ्यात एक पाणमांजर राहत असे. त्याने तिला वाहत्या पाण्यात ओढून घेतलं, घोट घोट पाणी पाजलं आणि ती शुद्धीवर येईपर्यंत तिचं डोकं पाण्यावर धरून ठेवलं. बरं वाटल्यावर साळूने त्याला सगळी हकिकत सांगितली. पाणमांजर विचारात पडलं. मग म्हणालं की वाहत्या पाण्याने तुझ्या पोटातला कडवटपणा जातो, तर कंदातला का जाणार नाही?

मग दोघं मिळून कामाला लागली. साळूने कंद खणायचा आणि चिरायचा, पाणमांजराने तो ओढ्यात भिजत ठेवायचा. डबक्यात ठेवून पाहिला, कडवटपणा जाईना. धारेत ठेवला तर कापं वाहून जात. पाणमांजराने दगडांचा आडोसा रचला आणि स्वतः शेजारी राखण करत बसलं. कितीदा फसलं, कितीदा चिडचिड झाली, दोघांची भांडणंही झाली. शेवटी एका सकाळी कापं पांढरीशुभ्र निघाली आणि जिभेला गोड लागली. दोघांनी पोटभर खाल्ली, दिवसभर वाट पाहिली, कुणाला काही झालं नाही. साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. आता रानातलं कुणी उपाशी राहणार नव्हतं.

पाटी कोरायची वेळ आली. पाणमांजराला मासे शोधायला वरच्या डोहाकडे जायचं होतं. तू कोरायला घे, मी आलो की ठसा ठेवीन, असं सांगून ते गेलं. साळूने आपल्या काट्याने नेटकं कोरलं : ‘कडूकंद खाता येतो.’ त्याखाली दुसरी ओळ कोरली : ‘मात्र तो चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा. हे पाणमांजराने करून पाहिले आहे.’ खाली स्वतःचा ठसा उमटवला आणि शेजारी पाणमांजरासाठी जागा राखली.

इतक्यात कोल्हा आला. पाटी वाचून त्याने साळूचं तोंडभर कौतुक केलं. मग हळूच आठवण करून दिली की कडूकंद कुठे उगवतो ते मागे एकदा त्यानेच तिला सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं, जाता जाता. साळू संकोचली आणि म्हणाली, ठेव बाबा तुझाही ठसा. कोल्ह्याने ठसा ठेवला, मेव्हण्याला हाक मारून त्याचाही ठेववला. मेव्हण्याने काय केलं होतं, हे विचारायचं साळूच्या जिभेवर आलं होतं, पण तिथेच राहिलं. बदल्यात पुढच्या उन्हाळ्यात कोल्ह्याच्या पाटीवर तिचा ठसा येणार होता, असा कोल्ह्याचा वायदा होता.

“आणि हत्तीदादांचा ठसा?” कोल्हा म्हणाला. “उतार त्यांचा, कंद त्यांचा. त्यांचा ठसा नसेल तर ही पाटी वाचणार तरी कोण? आणि मोजणीच्या सभेत तुझ्या जागेबद्दल बोलणार कोण?”

हत्तीला बोलावणं गेलं. बिचारा हत्ती! रानातली प्रत्येक पाटी अशीच त्याच्यापुढे येई, आणि मान देतायत तर नाही कशाला म्हणा, असं म्हणून तो पाय टेकवून जाई. पण हत्तीचा पाय तो, केवढा! सुपाएवढा. पाटीवर जागा कुठली? कोल्ह्याने पाटीकडे निरखून पाहिलं आणि दुसऱ्या ओळीवर पंजा ठेवला. ही काढून टाक, म्हणाला. मुख्य गोष्ट तर वरच आहे, बाकीचं तू तोंडी सांगशीलच की.

साळूचा हात अडला. त्या ओळीत पाणमांजराचं नाव होतं, त्याचे कष्ट होते. पण पाणमांजर आपलंच आहे, समजून घेईल, असं तिने मनाला समजावलं. माळावर धापा टाकणारं पिल्लू तिच्या डोळ्यांपुढे आलं. समोर हत्ती पाय उचलून ताटकळत उभा. तिने ओली माती आपल्याच पंजाने सारवली आणि ती ओळ पुसली. त्या जागेवर हत्तीचा ठसा उमटला, आणि पाणमांजरासाठी राखलेला कोपराही त्याखालीच गेला.

पाटी वाळली, खडकाला लागली. मोजणीच्या दिवशी सकाळी एक रानडुकरीण आपली पिल्लं घेऊन पाणवठ्यावर आली. पिल्लांच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. तिने पाटी वाचली, ठसे पाहिले, आणि थेट उतारावर जाऊन कंद उकरला. स्वतःआधी तिने लेकरांना भरवलं, आई होती ना. थोरली पिल्लं कडू लागताच थुंकली. धाकटं मात्र भुकेने वखवखलेलं, त्याने गिळला. थोड्याच वेळात ते मान टाकून पडलं.

सभा भरली होती. घुबडआजोबांनी ठसे मोजायला सुरुवात केली होती, तेवढ्यात रानडुकरीण पिल्लाला तोंडात धरून मधोमध आली. तिने पिल्लू खाली ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. घुबडआजोबांनी मोजणी थांबवली आणि सांगितलं की या पाटीवर ज्यांचे ठसे आहेत त्यांनी पुढे यावं, आणि लेकराला काय झालं, त्यावर उपाय काय, ते सांगावं.

कोल्हा म्हणाला, मी बापडा फक्त वाट दाखवली, कंद कसा खायचा ते मला काय ठाऊक. मेव्हणा कधी निसटला ते कुणाला कळलंच नाही. हत्तीने सोंड खाली घातली. तो खोटं बोलणारा नव्हता. त्याने कबूल केलं की पाटीवर काय कोरलंय हेसुद्धा त्याने वाचलं नव्हतं.

रानडुकरीण त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, “मला वाटलं, एवढे ठसे आहेत म्हणजे एवढ्या जणांनी खाऊन पाहिलं असेल. हत्तीदादांचा ठसा बघून मी माझ्या पोराला भरवलं हो.”

साळू गर्दीच्या मागे उभी होती. पुढे गेलं तर जागा गेली, हे तिला कळत होतं. पिल्लू तिच्या पोटाशी बिलगलं होतं. समोर दुसऱ्या आईचं पिल्लू तडफडत होतं. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली.

“ठसा माझा आहे,” ती म्हणाली. “कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो. ती ओळ मी पुसली. पण आधी याला ओढ्यात न्या, पाणमांजराला बोलवा. माझा जीव त्यानेच वाचवला होता.”

पाणमांजर नुकतंच डोहावरून परतलं होतं आणि पाटीसमोर उभं होतं. पाटीवर आपलं नाव नाही, ठशाला जागाही नाही, हे त्याने पाहिलं होतं. त्याला लागलं होतं, फार लागलं होतं. पण आजारी पिल्लू दिसताच ते तडक पाण्यात उतरलं. पिल्लाला धारेत धरलं, घोट घोट पाणी पाजलं. साळू दुसऱ्या बाजूने आधार देत उभी राहिली. ऊन कलताना पिल्लाने डोळे उघडले आणि आईच्या दिशेने कुईं केलं.

तेव्हा कुठे पाणमांजर साळूकडे वळून म्हणालं, “माझं नाव पुसलंस ते एक वेळ मी विसरेन. पण माझं काम पुसलंस गं. त्यानेच तर हे लेकरू वाचणार होतं.” साळूला रडू कोसळलं. तिने त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर मागितली.

हत्तीने पुढे होऊन ती पाटी पायाखाली चुरली आणि सोंडेने ओली माती आणून दिली. साळूने नवी पाटी कोरली, या वेळी दोन्ही ओळींची. पाणमांजराने ठसा ठेवला, शेजारी साळूने. कुणीतरी सवयीने हत्तीला पुढे व्हायला सांगितलं, तर तो मागे सरला. म्हणाला, मी उतार दिला, तेवढंच लिहा. मग साळूने तळाशी बारीक कोरलं : ‘हत्तीदादांनी आपल्या उतारावर खणू दिले, त्यांचे आभार.’ त्याला जागा अगदी थोडी लागली. घुबडआजोबांनी जाहीर केलं की इथून पुढे ठसे मोजण्याआधी एकेकाला हाक मारायची आणि काय केलं ते विचारायचं. जो सांगू शकेल त्याचाच ठसा धरायचा.

राहिली साळूची जागा. घुबडआजोबांनाही वाईट वाटत होतं, पण ओळ तिनेच पुसली होती, यंदा जागा देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. साळूने मान डोलावली. ते बरोबरच होतं. ती पिल्लाला घेऊन माळाची वाट धरणार, तोच रानडुकरीण आडवी आली.

“पाण्याजवळच्या माझ्या झुडपात सावली पुष्कळ आहे,” ती म्हणाली. “तुझ्या चुकीने माझं पोर आजारी पडलं, हे मी विसरणार नाही. पण ठसे इतक्या जणांचे होते, आणि हाक मारल्यावर उपाय सांगायला आलीस तू एकटी. चल, लेकराला ऊन लागतंय.”

तात्पर्य : ज्या कामाचा जाब आपण देऊ शकतो, त्यावरच आपलं नाव घालावं; आणि ज्याने काम केलं त्याचं नाव कधीही पुसू नये.