केळीच्या खोलीतला सासरा

वसईच्या बाजूला, केळीच्या वाड्यांत दडलेल्या एका गावात पास्कू म्हणून एक भोळा घंटावाला राहत होता. भोळा किती, तर सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. देवळाची घंटा वाजवायचं काम बापाकडून त्याच्याकडे आलं होतं. एकदा फादर "पुरे" म्हणायचं विसरले, तर गावानं दिवेलागणीपर्यंत घंटा ऐकली.

त्या साली पास्कूचं लग्न ठरलं. मुलगी पलीकडच्या आळीतली, इंत्रूबाबाची एकुलती एक आग्नेस. मैत्रिणी तिला हसायच्या. ती म्हणायची, "सांगितलेलं ऐकणारा नवरा तुमच्यात कुणाला मिळालाय, दाखवा बघू."  इंत्रूबाबाला मात्र हा जावई घशाखाली उतरत नव्हता. पण पोरीपुढे बापाचं काय चालतं?

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे. त्यात लग्न लागत नाही. म्हणून ठरलं, ईस्टर झाला की पुढच्या रविवारी बार उडवायचा.

गेल्या सालचा ईस्टर पास्कूला पक्का आठवत होता. पाच एप्रिल. यंदा पाच एप्रिल उजाडला तसा तो उठला, अंघोळ केली, नवा सदरा घातला, डुकराचं मटण शिजवलं आणि हंडी डोक्यावर घेऊन थेट इंत्रूबाबाच्या ओटीवर गेला. इंत्रूबाबा उपवासाची पेज पीत बसला होता. महिनाभर त्यानं मटणाचं नावही काढलं नव्हतं. पास्कूनं हंडीवरचं झाकण काढलं आणि सणाच्या शुभेच्छा दिल्या.

तोंडाचा उपवास टिकला. नाकाचा मोडला.

इंत्रूबाबा त्याला दंडाला धरून फादरकडे घेऊन गेला. फादर शांत माणूस. त्यांनी पास्कूला समोर बसवलं आणि सगळं उलगडून सांगितलं. येशूला क्रुसावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. त्यांचे महिने चंद्रावर चालतात, आणि तो सण पौर्णिमेला असतो. येशू उठला तो रविवारी. मग पुढं जुन्या काळच्या धर्मगुरूंनी बसून ठरवलं, की मार्चात दिवस-रात्र सारखे झाले की त्यानंतरची पहिली पौर्णिमा बघायची, आणि पौर्णिमा झाली की जो रविवार येईल तो ईस्टर. चंद्र काही आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून उगवत नाही. म्हणून तारीख दर साली हलते.

"तारीख धरून बसू नकोस," फादर म्हणाले. "आधी पौर्णिमा होऊ दे. मग रविवार येऊ दे. मग कर काय ते."

पास्कूनं ते मनात घट्ट बांधून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईची गाय अडली. आई गोठ्यातून म्हणाली, पळ, ढोरांच्या डॉक्टरला घेऊन ये. पास्कू अंगणात आला, आभाळाकडे बघितलं आणि पायरीवर बसला. तासाभरानं आई बाहेर आली तर हा तिथंच.

"गेला नाहीस?"

"पौर्णिमा कुठं झालीय, आई? आणि आज मंगळवार."

गाईनं बिचारीनं स्वतःच काय ते निभावून नेलं. वासरू उभं राहिलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला आणि लेकाला शहाणपण शिकवलं. "बाळंतपण आणि मरण दिवस बघून येत नाही रे. आलं की तिथल्या तिथं उरकायचं. रविवारपर्यंत थांबायचं नाही."

हेही पास्कूनं बांधून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात गुड फ्रायडे आला. त्या दिवसांत देवळात घंटा वाजत नाही. ती ईस्टरच्या आनंदालाच वाजते. दुपारी तीनला येशूची मूर्ती क्रुसावरून उतरवली आणि थडग्यात ठेवली. बायका रडत होत्या. माणसं उपाशी. पास्कूला फार वाईट वाटलं. मरण तर आलंच होतं. मग ईस्टरचा आनंद रविवारपर्यंत कशाला ठेवायचा? तो वर चढला आणि घंटेचा दोर ओढला.

घंटा अशी दणाणली की खाडीपलीकडे ऐकू गेली. शेतावरची माणसं म्हणाली, ईस्टर आला, आपणच दिवस मोजायला चुकलो. घरोघरी चुली पेटल्या. इंत्रूबाबा गुडघेदुखीनं घरी होता. त्यानं चाळीस दिवस राखलेला उपवास दोन अंडी आणि एका कोंबडीवर सोडला. शेवटचं हाड चोखताना त्याला खरं काय ते कळलं.

त्या गावात रीत होती. लग्न लावण्याआधी फादर मुलीच्या बापाला विचारायचे, मुलगी देतोस का? इंत्रूबाबा सगळ्यांदेखत म्हणाला, "आता एक चूक. एकच. मग बघ, भर देवळात उभा राहून मी नाही म्हणेन."

पास्कू घाबरला. आग्नेस हातची जाणार. तो फादरकडे धावला. फादर थकून गेले होते. एवढंच म्हणाले, "पास्कू, देवालासुद्धा तीन दिवस आत राहावं लागलं. शुक्रवारी आत गेला, रविवारी पहाटे बाहेर आला. घाई नाही करायची."

ईस्टर झाला. लग्नाचा आठवडा आला. शुक्रवारी सकाळी इंत्रूबाबा वऱ्हाडासाठी केळी पिकायला घालत होता. वाडीच्या टोकाला त्याची केळी पिकवायची खोली होती. जाड भिंती, खिडकी नाही. आत सुक्या पानांवर केळीचे घड रचायचे आणि दाराच्या फटी मातीनं लिंपायच्या, म्हणजे ऊब कोंडते. त्यानं पास्कूला बजावलं, "मी आत घड लावतो. तू माती कालव. शेवटचा घड आत गेला की दार लिंपायचं. मग तिसऱ्या दिवसाआधी कुणी कितीही सांगितलं तरी उघडायचं नाही."

शेवटचा घड आत गेला. इंत्रूबाबाही आतच होता. पास्कूनं दार लोटलं, कडी घातली आणि सुंदर लिंपलं.

आतून धडाधड आवाज आला. "अरे, उघड!"

"तिसऱ्या दिवशी, बाबा."

"मी काय केळं आहे का?"

"नाही ना. पण फादर म्हणाले, देवालाही तेवढेच लागले."

वर एक कौल फुटकं होतं म्हणून इंत्रूबाबाला वारा मिळाला. खायला सगळी कच्ची केळी.

इकडे गावभर शोध. विहिरी बघितल्या, खाडी बघितली. आग्नेस रडून रडून लाल झाली. बाप नाही तर लग्न कसलं? पास्कूनं तिला धीर दिला. म्हणाला, येतील. रविवारी पहाटे.

रविवारी पहाटे तो मेणबत्ती पेटवून वाडीत गेला. मागून सगळा गाव. त्यानं लिंपण फोडलं, कडी काढली. इंत्रूबाबा बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगाला पानं चिकटलेली, डोळे खोल. त्यानं पास्कूकडे बोट केलं, तोंड उघडलं. आवाज फुटेना. दोन दिवस ओरडून घसा बसला होता, आणि कच्च्या केळ्यांच्या चिकानं जीभ टाळूला चिकटली होती.

तसाच त्याला देवळात नेला. फादरनी विचारलं, "इंत्रू, मुलगी देतोस का?" इंत्रूबाबानं जोर लावला. काही निघेना. दोन रात्रींची झोप डोळ्यांवर. मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"देतोय," फादर म्हणाले.

लग्न लागलं. केळी मात्र छान पिकली होती.

वर्ष सरलं. ईस्टर यंदा आठ दिवस आधीच आला. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी इंत्रूबाबाच्या दारात बँड वाजला. तो बाहेर आला. पास्कू लग्नाचा कोट घालून उभा. शेजारी आग्नेस, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, पदरात हसू लपवत.

"हे काय?" इंत्रूबाबा म्हणाला.

"लग्न, बाबा. ईस्टरच्या पुढच्या रविवारी. तुम्हीच ठरवलं होतं. यंदा तारीख हलली तेवढी."

इंत्रूबाबा मागं वळला. सावकाश वाडीच्या टोकाला गेला, केळीच्या खोलीत शिरला आणि आतून दार ओढून घेतलं.

"पास्कू," तो आतून म्हणाला, "लिंप."