घंटाळीची टक

“तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा, सर. घंटाळीच ना?”

निरंजन टिळवेने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. सबनीस सर तंबूपुढे सतरंजीवर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर दर हिवाळ्यात आम्हा पाच-सहा जणांना घाटमाथ्यावरच्या या रानात घेऊन यायचे आणि पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवायचे. मी जायचो ते मुख्यतः चूल सांभाळायला. माझा कान बेताचाच.

सरांचा नियम एकच होता. हाक कानावर पडली की हात वर करायचा. नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की कान मिटतात, असं ते म्हणायचे.

हा नियम निरंजनला जड जायचा. सरांचा सगळ्यात हुशार शिष्य तो. ही गोष्ट सरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होती.

आणि आता प्रश्न घंटाळीचा होता.

घंटाळी म्हणजे पानांत दडून राहणारा लहानसा पक्षी. दिसायची क्वचितच. ऐकू यायची ती तिची हाक, देवघरातल्या घंटीसारखी. गेली वीस वर्षं ती या रानात कुणी ऐकली नव्हती. तिची हाक खात्रीने ओळखेल असा माणूस आता एकच उरला होता, सबनीस सर.

म्हणून निरंजनला सरांचा ‘हो’ हवा होता. त्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट होतं. आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना तशी हाक ऐकू आली, आणि लगेच खाली गावात उतरून त्याने घंटाळी परत आल्याचं पेपरवाल्यांना कळवूनही टाकलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ती मंडळी दुपारी येणार होती.

तेवढ्यात समोरच्या उंबरातून हाक आली.

टण... टण... टण. आणि शेवटी बारीकशी टक.

आमचे सगळ्यांचे हात वर गेले.

सरांचा गेला नाही.

“पक्षी दिसतोय का?” त्यांनी विचारलं.

“आत पानांत असेल,” निरंजन म्हणाला. “वर भृंगराज बसलाय, तेवढा दिसतोय.”

भृंगराज मलाही दिसत होता. काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना गोंडे. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

“भृंगराज नकला करतो,” सर म्हणाले.

निरंजन हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

“सर, हे मला तुम्हीच शिकवलंत. पण भृंगराज जे ऐकतो तेच बोलतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वीस वर्षांत इथे घंटाळी नाही. मग यानं ती ऐकली कुणाकडून?”

खरं सांगतो, मला ते पटलं.

“आणि ती टक...” निरंजन पुढे सरकला. “तुमच्या त्या घंटाळीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्येही हाकेच्या शेवटी हीच टक आहे. हाक संपली की ती चोच मिटते, तिचा हा आवाज. आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुपारी मी तेच सांगणार आहे.”

सरांच्या हातातली खारी चहात पडली. त्यांनी ती काढली नाही.

“ते रेकॉर्डिंग मी तुला दिलं होतं...”

“हो.”

“काय सांगून दिलं होतं?”

निरंजनने उंबराकडे पाहिलं.

“सांग ना.”

“...घरी ऐक म्हणून. रानात वाजवू नको म्हणून.”

“मग?”

“सगळेच वाजवतात, सर. वाजवल्याशिवाय पक्षी पुढे येत नाहीत.”

“कुठे वाजवलंस?”

“इथेच. उंबराला स्पीकर बांधून. गेले तीन हिवाळे. तुमचं शिबिर संपलं, की मी एकटा परत यायचो. सकाळ-संध्याकाळ लावायचो.” त्याचा आवाज चढला. “आणि म्हणूनच ती आली! नुसतं कान लावून बसलो असतो तर आणखी वीस वर्षं गेली असती.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

“तुम्हाला बघवत नाही, सर. तुमच्या नावावरची घंटाळी माझ्या नावावर जातेय, ते बघवत नाही तुम्हाला.”

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण सरांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि ते पाहून मला जास्तच वाईट वाटलं.

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तंबूत गेले आणि त्यांची जुनी पिशवी घेऊन बाहेर आले.

पिशवीतून त्यांनी एक टेपरेकॉर्डर काढला. विटेएवढा, कातडी पाकिटातला. त्यात सेल नव्हते. कॅसेटही नव्हती.

“ती हाक मी यावर घेतली होती,” ते म्हणाले. “हाक संपली. मी यंत्र बंद केलं.”

त्यांनी अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला.

टक.

उंबरावरच्या भृंगराजाने मान वळवली. त्याचा गळा फुगला. उघड्या फांदीवर, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

टण... टण... टण. टक.

या वेळी कुणी हात वर केला नाही.

निरंजन कितीतरी वेळ त्या पक्ष्याकडे बघत राहिला.

“म्हणजे... तीन वर्षं मी...”

“चोच नाही ती, बाबा,” सर म्हणाले. “तो माझा अंगठा आहे.”

चूल धुमसत होती. मी फुंकर घातली नाही.

“तुम्ही म्हणूनच वाजवू नको म्हणालात? भृंगराज शिकेल म्हणून?”

“नाही. भृंगराजाचं माझ्या मनातही आलं नव्हतं.”

“मग?”

सरांनी टेपरेकॉर्डर पुन्हा पाकिटात घातला. पाकिटाचं बक्कल लवकर लागेना.

“घंटाळी होती ना, तेव्हा मीसुद्धा वाजवायचो. पाहुणे यायचे. त्यांना ऐकवायची हौस मला. यंत्र वाजलं की तिला वाटायचं, आपल्या हद्दीत दुसरी घुसली. बिचारी पिलं टाकून यायची. तिथेच, त्या उंबरावर. उत्तर द्यायची... द्यायची... घसा बसेपर्यंत द्यायची. लोक टाळ्या वाजवायचे.”

“आणि?”

“एका हिवाळ्यात उत्तर आलं नाही.”

निरंजनने तोंड फिरवलं. थोड्या वेळापूर्वी मला त्याला मारावंसं वाटलं होतं, हे मला आठवलं. आता दोघांपैकी कुणाकडेच बघवत नव्हतं.

“दुपारी ते लोक येतील,” निरंजन म्हणाला. “त्यांना काय सांगू?”

“जे ऐकलंस ते.”

भृंगराज उडून दरीकडे गेला. खालून त्याची हाक आली, मग आणखी खालून.

निरंजनने वळून सरांकडे पाहिलं. चढेलपणा पार उतरला होता. मी त्याला पहिल्यांदा या रानात पाहिलं होतं, तेव्हा तो असाच दिसत होता.

“सर, एक मागू?”

“माग.”

“तुम्ही तोंडाने कुठल्याही पक्ष्याची हाक काढता. घंटाळीची कधीच काढली नाहीत. एकदा काढा ना... ते नाव वगैरे मला काही नको. खरी हाक नुसती कानावर पडू दे. ती टक नसलेली.”

सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. ओठांवरून जीभ फिरवली. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेली आणि डोळे मिटले.

आम्ही कान लावून बसलो.

त्यांनी श्वास घेतला... सोडला. पुन्हा घेतला.

मग ओंजळ खाली आली. त्यांनी डोळे उघडले, पण उंबराकडे पाहिलं नाही. ते आपल्या अंगठ्याकडे पाहत होते.

“नाही रे जमत,” ते म्हणाले. “आता मलाही ती हाक टकशिवाय आठवत नाही.”