राजाचा श्वास कुणी चोरला?

“चोरी! महाराजांचा श्वास चोरीला गेला!”

प्रधान रंगोपंत धापा टाकत दरबारात शिरले. राजा उदंडसेनाला आपल्या श्वासाचा भारी अभिमान. भर वैशाखात, वाढदिवसाच्या दिवशी, त्यानं एक कातडी पिशवी स्वतः फुंकून टम्म फुगवली, तोंड बांधून वर लाखेची मोहोर केली आणि सज्जातल्या चौरंगावर ठेवली. तेव्हापासून मानकरी रोज सकाळी आधी पिशवीला मुजरा करत, मग राजाला. आता पौषाची थंडी पडली आणि पिशवीला सुरकुत्या पडल्या!

“राखणदार सटवाजीनंच श्वास प्यायला,” रंगोपंत म्हणाले. “बघा ना, या वयात कसा ठणठणीत आहे!”

दरबाराला ते लगेच पटलं. प्रधानांचं म्हणणं पटलं नाही, असं तिथं कधी झालंच नव्हतं.

राजा गरजला, “सटवाजी! मोहोर न मोडता, नवी फुंकर न घालता पिशवी पुन्हा टम्म कर. नाहीतर मान उडालीच म्हणून समज!”

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची लेक येसू राजाच्या न्हाणीघरात पाणी तापवायची. ती पुढे झाली.

“महाराज, पिशवी घटकाभर माझ्या चुलीपाशी येऊ द्या.”

“राजाचा श्वास न्हाणीघरात?” रंगोपंत किंचाळले.

“महाराज सोता रोज येत्यात की!”

सगळा दरबार न्हाणीघरात लोटला. येसूनं पिशवी चुलीपासून दोन हात लांब टांगली. हळूहळू सुरकुत्या गेल्या आणि पिशवी टम्म! मोहोर जशीच्या तशी.

“चेटूक! हिनं नवी हवा भरली!” रंगोपंत ओरडले.

“मंग न्या की परत सज्जात.”

सज्जात नेली, तर पुन्हा सुरकुत्या!

“श्वास हाय तेवढाच हाय, महाराज. उबेला हातपाय पसरतोय, थंडीत अंग चोरतोय.”

रंगोपंत हटेनात. चुलीपाशी आणल्यावर पिशवी पुन्हा फुगली, तशी त्यांनी ती कवटाळून आवळली. “पाहा, परत कमी झाला! आता कुठं गेला?”

“कुटं न्हाई. जागा कमी केलीसा, त्याचा जोर वाढला. हातांना इचारा तुमच्या.”

पंतांचे हात मागे रेटले जात होते. ते सुटले, पिशवी उसळून पूर्ववत झाली आणि पंत ओल्या फरशीवर बसले.

राजानं डोळे बारीक केले. “म्हणजे जितकं दाबावं, तितका हा उलटा रेटतो? माझा श्वास, माझ्याच प्रधानाला?”

“व्हय महाराज. रयतेला इतकी वर्सं दाबत्यात, पंतांना ठाव असंल वाटलं!”

 राजा असा खदखदून हसला की मुकुट घंगाळात पडला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं, सटवाजीला गावाकडे जमीन दिली. आणि पौष सरेपर्यंत सज्जात उभं राहून पिशवी राखायचं काम रंगोपंतांना दिलं.