काकूंची बादली आणि गावची टाकी

घाटमाथ्यावरच्या एका थंडगार गावात एक काकू राहायच्या. स्वच्छता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. माशीलाही त्यांच्या ओट्यावर बसायची छाती होत नसे.

गावाने एक मोठी टाकी बांधली होती. घराघरातलं खरकटं, सालं, देठं त्यात कुजायची आणि गॅस तयार व्हायचा. त्या गॅसवर दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी पाणी तापायचं, दिवेही लागायचे. टाकी सांभाळायला एक म्हातारेबाबा होते. रोज दारोदार जाऊन बादल्या गोळा करायचे. त्यांचं नाक मात्र त्या वासाने कधीच कामातून गेलं होतं.

काकूंना एकच घोर. आपल्या बादलीला वास आला तर आळीतल्या बायका काय म्हणतील? म्हणून त्या रोज खरकट्यावर वाटीभर फिनेल ओतायच्या. शेजारणी म्हणायच्या, "काकूंची बादली म्हणजे देव्हाराच जणू." काकू फुलून जायच्या.

हळूहळू टाकीची ज्योत मंदावली आणि एक दिवस विझलीच. दोन दिवसांच्या बाळाला अंघोळीला कोमट पाणी मिळेना. गाव म्हाताऱ्यावर तुटून पडलं. "हा नुसता झोपा काढतो, काढून टाका याला."

चावडीवर बैठक बसली. बाबा हात जोडून म्हणाले, "टाकीत बारीक जंतू असतात, गॅस तेच करतात. ते मेलेत. त्यांच्या पोटात काहीतरी जहाल गेलंय. काय, ते मला उमगत नाही. माझंच चुकलं असेल तर ही टाकीची किल्ली घ्या."

काकूंना आपलं फिनेल आठवलं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार नव्हतं. पण बाबा कमरेची किल्ली सोडू लागले, तशा त्या उठल्या.

"किल्ली राहू द्या, बाबा. मी फिनेल घालत होते. रोज. वास येऊ नये म्हणून."

मग मागून सरपंचीणबाई पुटपुटल्या, "मीसुद्धा. थोडंसंच." त्यांच्यामागून आणखी चौघी बोलल्या.

टाकी उपसली, नवे जंतू वाढावेत म्हणून शेणपाण्याचा काला भरला. गॅस धरायला महिना लागला. तोवर त्या सहाजणी आळीपाळीने घरच्या चुलीवर पाणी तापवून दवाखान्यात नेत होत्या. आणि बाबा पूर्वीसारखेच टाकीवर कामाला येत होते.

तात्पर्य: आपली चूक आपण झाकली, तर ती एखाद्या गरिबाच्या माथी बसते. एकाने कबूल केली, की बाकीच्यांनाही खरं बोलायचं बळ येतं.