मुखवट्यांचे डोळे

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, सांगणारे कुणी उरले नाहीत. लहानांनी पुढं सरकून बसावं, मोठ्यांनी मागं बसलं तरी चालेल. पण मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण या गोष्टीतली चूक एका मोठ्या माणसाची आहे.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. सुगी संपून धान्य कणगीत पडलं, की त्या गावात सोंगं निघायची. देवांचे, राक्षसांचे, वाघा-अस्वलांचे मुखवटे तोंडावर चढवून माणसं गावाला फेरी घालायची. पुढं संबळ, मागं मुखवटे, आणि दोन्ही अंगांना बारा गावचे लोक. रीत मात्र कडक होती. मुखवटा एकदा तोंडावर चढला, की फेरी पुरी होईपर्यंत तो उचलायचा नाही आणि आतल्या माणसानं बोलायचं नाही. बरोबरच आहे म्हणा. देवच मध्ये थांबून 'जरा पाणी द्या हो' म्हणायला लागला, तर त्याला हात कोण जोडेल?

हे मुखवटे गावात एकच माणूस करायचा. सगळे त्याला तात्या म्हणत. मातीच्या गोळ्यावर चिंध्यांचे थर, थरांवर चिंचोक्याची खळ, वाळलं की आतली माती काढायची आणि वर रंग. हात असा, की त्यानं केलेला राक्षस बघून कुत्री भुंकायची. त्याच्याकडं शिकायला पोरं यायची, पण टिकायची नाहीत. का टिकत नाहीत, ते तात्याला कळत नव्हतं. त्याच्या बायकोला कळत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

एके वर्षी माळ्यावर ठेवलेल्या मुखवट्यांना वाळवी लागली. देव गेले, राक्षस गेले, राहिला नुसता भुसा. तात्या डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात गावचा पाटील आला.

"तात्या, गेल्या खेपेला फेरीत सगळे म्हातारे देव धापा टाकत होते, आणि पोरं पारावर बसून हसत होती. पाहिलंस ना? यंदा मुखवटे पोरांनी करायचे आणि पोरांनीच घालायचे. तू फक्त शिकवायचं."

"पोरांनी? पाटील, त्यांना अजून नाक पुसता येत नाही."

"म्हणून तर शिकव म्हणतोय. तुला मूलबाळ नाही. यंदा पोरं यात रमली, तर तुझ्यामागं हे काम चालेल. नाही रमली, तर फेरी मी बंद करणार. म्हाताऱ्यांचे हाल मला बघवत नाहीत."

बापाकडून, आज्याकडून आलेली ही एकच गोष्ट तात्यापाशी होती, आणि ती कुणाच्या तरी हातात देऊन जावं एवढीच त्याची इच्छा उरली होती. तो म्हणाला, "पाठवा पोरांना."

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात पोरांची जत्रा भरली. दुधाचे दात पडलेली आली, मिसरूड फुटू लागलेली आली. आणि आल्या आल्या भांडण. राक्षस व्हायला सगळे तयार, देव व्हायला कुणी नाही. राक्षसाला नाचता येतं, देवाला आपलं शहाण्यासारखं चालावं लागतं. कोण होईल तयार?

तात्या ओरडणार होता. पण पोरांत सगुणा नावाची एक मोठी मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "ज्याला राक्षस हवा, त्यानं आधी एका लहानग्याला त्याचं सोंग करायला मदत करायची. मग राक्षस घ्यायचा." आणि ती स्वतः बिरूला घेऊन बसली. बिरू सगळ्यांत छोटा. त्याला वाघ व्हायचं होतं, आणि वाघाचे कान सशासारखे लांब हवे होते. सगुणानं नाही म्हटलं नाही.

अंगण मातीनं आणि हसण्यानं भरून गेलं. खळ केसांत गेली, रंग कुत्र्याच्या शेपटीला लागला. तात्याची बायको चुलीपाशी बसून हे बघायची आणि मनात म्हणायची, इतक्या वर्षांत या घराला असा आवाज नव्हता.

रंगासाठी गेरू कमी पडला, म्हणून तात्या पलीकडच्या गावाला गेला. तो नसताना पोरांनी मुखवट्यांचे डोळे कापले. कसे कापले, ते नीट ऐका. एकानं कच्चा मुखवटा तोंडावर धरायचा. समोरच्यानं कोळसा घेऊन बाहेरून टकटक करायची आणि विचारायचं, "डोळा इथं आला का?" आतून उत्तर यायचं, "नाही, जरा खाली. आता थोडा नाकाकडं." मग तिथं खूण, आणि खुणेवर भोक. आता माणसाचं तोंड काही दोरी लावून आखलेलं नसतं. शिवाय पोरांचे मुखवटे थोडे इकडं कललेले, थोडे तिकडं. त्यामुळं वाघाचा एक डोळा कपाळाला गेला आणि दुसरा गालावर उतरला.

तात्या परत आला. रांगेत ठेवलेले मुखवटे बघून तो दारातच थांबला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. पण तो रागावला नाही. रागावलो तर पोरं जातील, ही भीती होती. तो गोड आवाजात म्हणाला, "छान झालेत रे. आता रंग वाळेपर्यंत इकडं कुणी फिरकू नका."

पोरं गेली. तात्यानं चिंध्या भिजवल्या आणि एकेक डोळा बुजवायला घेतला.

बायको म्हणाली, "अहो, त्यांचं त्यांना राहू द्या की."

"बारा गावचे लोक येणार आहेत. हसतील."

"हसू देत. हसण्यानं कुणाला ताप येत नाही."

"तुला कळत नाही. लोक हसले, की पोरांचा हिरमोड होईल. मग ती पुन्हा येतील का?"

आता हे खोटं नव्हतं. पण एवढंच खरंही नव्हतं. लोक तात्याला हसतील, हे जास्त खुपत होतं. त्यानं सगळे डोळे बुजवले आणि सुतात धरून सरळ, सारखे, बदामी डोळे कापले. वाघाचे कानही आखूड केले. वरून रंगाचा असा हात फिरवला, की बघत राहावं.

फेरीचा दिवस उजाडला. उन्हं वर आली तशी पोरं अंगणात आली आणि आपापले मुखवटे शोधू लागली.

बिरू म्हणाला, "हा माझा वाघ नाही."

"तुझाच आहे, बाळा. जरा नीटनेटका केलाय."

बिरूनं वाघाच्या आखूड कानांवरून हात फिरवला. तेवढ्यात संबळ वाजला आणि सगळ्यांनी मुखवटे चढवले. सगुणानं देवीचा मुखवटा बांधला, आणि आतून तिचा दबलेला आवाज आला, "तात्या, यातून काही दिसत नाही."

"होईल सवय. आणि मुखवटा चढलाय ना? आता बोलायचं नाही."

सगुणा गप्प बसली. रीत होती ना!

फेरी निघाली. लोक म्हणाले, "वा, काय मुखवटे! पोरांनी केलेत म्हणे." तात्याची छाती फुगली. पण थोड्याच वेळात देवाचा पाय अस्वलाच्या पायावर पडला. अस्वल देवीवर आदळलं. मोठा राक्षस नाचत नाचत थेट गोवऱ्यांच्या ढिगात शिरला आणि ढीग त्याच्या अंगावर कोसळला. लोक पोट धरधरून हसू लागले. आतून कुणी बोलेना, कुणी मुखवटा उचलेना. बिचारी पोरं आपली चाचपडत होती.

सगळ्यांची नजर त्या राक्षसावर होती. वाघाकडं एकट्या तात्याचं लक्ष होतं, आणि वाघ रांग सोडून भलतीकडंच निघाला होता. तिथं गावची बारव होती, खोल, पायऱ्यांची, कठडा नसलेली. संबळाचा आवाज तिच्या दगडांवर आपटून परत येत होता. दिसत नव्हतं, म्हणून बिरू आवाजाच्या मागं चालला होता. संबळ तिकडंच वाजतोय असं त्याला वाटत होतं.

तात्या धावला, पण अंतर फार होतं. रीत, मान, बारा गावचे लोक, सगळं विसरून तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "बिरू, थांब! मुखवटा काढ!"

बिरू थांबला. पण त्यानं मुखवटा काढला नाही. काढायचा नाही असं त्याला तात्यानंच बजावलं होतं. त्याचा एक पाय काठावर होता आणि दुसरा अर्धा हवेत. रांगेत जवळच असलेल्या सगुणानं हाक ऐकली, आपला मुखवटा ओढून फेकला आणि धावत जाऊन त्याचा दंड धरला.

संबळ थांबला. हसणं थांबलं.

तात्या धापा टाकत आला आणि बिरूपुढं गुडघ्यांवर बसला. मुखवटा पोराच्या तोंडावर अजून तसाच होता. तात्यानं त्या सुरेख, सरळ, बदामी भोकांतून आत बघितलं. एका भोकात भुवई दिसली, दुसऱ्यात गाल. पोराचे डोळे कुठंच दिसेनात.

"अरे, मी तुला आंधळं केलं रे," तात्या म्हणाला आणि सगळ्या गावासमोर रडला.

सगुणा म्हणाली, "मी सांगत होते, तात्या."

"सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

पाटील पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तात्या, फेरी मोडली. आता काय करायचं ते तूच सांग."

तात्यानं कमरेची सुरी काढून सगुणाच्या हातात दिली. "डोळे कापा पोरांनो. तुम्हाला दिसेल तसे कापा."

पोरं तिथंच मातीत बसली. जवळच्या घरातून कोळसा आला. पुन्हा टकटक सुरू झाली, "डोळा इथं आला का? नाही, जरा खाली." तात्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या सगळ्या सुबक कामाची चाळण झाली. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. बिरूनं चिंध्या चिकटवून वाघाचे कान पुन्हा लांब केले, तेव्हा तात्याचा हात आपोआप पुढं गेला. मग तो स्वतःच्या हातावरच बसून राहिला.

पाटलानं संबळवाल्याला खूण केली. फेरी पहिल्यापासून निघाली. देव वाकडे दिसत होते, देवीला एक डोळा मोठा होता, वाघाचा ससा झाला होता. पण कुणी धडपडलं नाही, आणि दिवस मावळायच्या आत फेरी पुरी झाली.

पुढच्या वर्षी सुगी संपायच्या आधीच पोरं तात्याच्या दारात उभी होती. नंतर कितीतरी वर्षं तात्या त्यांना खळ शिजवून द्यायचा, थर कसे द्यायचे ते दाखवायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, "तुला दिसतंय ना?" तात्या गेला, त्या वर्षीही फेरी निघाली. संबळामागं पहिला मुखवटा सगुणाच्या लेकीचा होता.

आजूबाजूच्या गावचे लोक अजून चेष्टा करतात, "त्या गावचे देव तिरळे." गावकरी म्हणतात, "असतील. पण आमचा एकही देव वाट चुकत नाही."

तात्पर्य : मुलांचं काम बाहेरून सरळ करण्याआधी, त्यांना आतून काय दिसतं ते विचारावं.